टॉल्स्टॉय फार्म : स्वातंत्र्य आणि आतिथ्य

१

दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या लढ्याच्या इतिहासात टॉल्स्टॉय फार्मचा निर्देश बहुधा दोन नात्यांनी येतो : सत्याग्रहींच्या कुटुंबांचे आश्रयस्थान म्हणून, आणि गांधीजींच्या पुढील आश्रमांची पूर्वपीठिका म्हणून. दोन्ही निर्देश यथार्थ आहेत. परंतु त्या शेताच्या अडीच-पावणेतीन वर्षांच्या आयुष्यात आणखी एक प्रश्न उभा राहिला होता, आणि त्याकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. शेतावरच्या श्रमजीवनात ज्यांना स्वातंत्र्याचा अनुभव आला, त्यांनी तो आपल्या पाहुण्यांपुढे कसा ठेवला? आणि पाहुण्याने तो कोणत्या अटींवर पत्करला? १९१२ मध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले त्या शेतावर एका रात्रीपुरते वस्तीला आले, तेव्हा या प्रश्नाला एकदम धार आली. महाराष्ट्रातील वाचकाला तो प्रसंग सामान्यतः एक हृद्य आठवण म्हणून ठाऊक असतो. प्रत्यक्षात तो स्वातंत्र्याच्या दोन कल्पनांमधील मतभेदाचा प्रसंग आहे.

या विषयाचे मुख्य साधन म्हणजे गांधीजींनी लिहिलेला दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास. तो त्यांनी नोव्हेंबर १९२३ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गुजरातीतून लिहावयास घेतला आणि सुटकेनंतर पुरा केला. घटना आणि लेखन यांच्यात अकरा-बारा वर्षांचे अंतर आहे. लेखन बहुतांशी स्मरणावर आधारलेले आहे. शिवाय निवेदन यजमानाचे असून पाहुण्याचे बोलणेही आपल्याला त्याच्याच मुखातून कळते. या मर्यादा लहान नव्हेत. तथापि या प्रसंगात निवेदक स्वतःच्या विरुद्ध साक्ष देतो, आणि पाहुण्याने केलेली कानउघाडणी झाकून ठेवीत नाही. यामुळे साधनाचे मोल वाढते.

२

शेताचा जन्म आर्थिक अडचणीतून झाला. ट्रान्सवालमधील आशियाई लोकांवर सक्तीची नोंदणी लादणाऱ्या कायद्याविरुद्ध ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या सभेत शपथ घेतली गेली. पुढील तीन-चार वर्षांत तुरुंगाच्या वाऱ्या नित्याच्या झाल्या. १९०९ मध्ये लंडनला गेलेले शिष्टमंडळ रिकाम्या हातांनी परतले, आणि लढा किती काळ चालेल हे कोणालाच सांगता येईना. तुरुंगात गेलेल्यांच्या कुटुंबांना गरजेप्रमाणे दरमहा पैसे द्यावे लागत. रतन टाटा यांच्या २५,००० रुपयांच्या देणगीसारखी मदत आली, तरी असा खर्च अनिश्चित काळ पेलणारा नव्हता. ही कुटुंबे एके ठिकाणी राहिली, एकत्र जेवली आणि स्वतः कष्ट करू लागली, तरच निभाव लागेल, असा हिशेब होता.

गांधीजींचे स्नेही हर्मन कॅलनबॅक हे व्यवसायाने वास्तुविशारद. जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवर, लॉली स्टेशनजवळ, सुमारे १,१०० एकरांची जमीन त्यांनी विकत घेतली आणि ३० मे १९१० रोजी ती सत्याग्रहींना भाडे न घेता वापरावयास दिली. जमिनीवर सुमारे एक हजार फळझाडे, दोन विहिरी, एक झरा आणि टेकडीच्या पायथ्याशी पाच-सहा माणसांपुरते एक घर होते. फार्मचे नावही कॅलनबॅक यांनीच ठेवले. टॉल्स्टॉय तेव्हा हयात होते. गांधीजींना त्यांनी लिहिलेले सविस्तर पत्र ७ सप्टेंबर १९१० चे आहे, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते निवर्तले.

येथे एक कायदेशीर वस्तुस्थिती ध्यानात घेणे अवश्य आहे. ट्रान्सवालच्या १८८५ च्या तिसऱ्या कायद्यान्वये आशियाई लोकांना, सरकारने नेमून दिलेल्या वस्त्या वगळता, जमिनीची मालकी मिळत नसे. ज्या जमिनीवर हिंदी माणसे स्वावलंबनाचे स्वातंत्र्य अनुभवीत होती, ती त्यांच्या नावावर होणे शक्य नव्हते. ज्यांनी पुढे इतरांचे आतिथ्य केले ते स्वतःच एका युरोपीय मित्राचे पाहुणे होते. त्याच भूमीचे मूळ आफ्रिकन रहिवासी तर फार्मच्या वर्णनात जवळजवळ दिसतच नाहीत. फार्म बंद झाल्यानंतर काही महिन्यांतच, १९१३ च्या जमीनविषयक कायद्याने, देशाच्या बहुतांश भागात जमीन घेण्याचा त्यांचा मार्ग बंद करण्यात आला. फार्मवरील स्वातंत्र्याचे मूल्यमापन करताना ही चौकट नजरेआड करता येत नाही.

३

या चौकटीत जे जीवन उभे राहिले त्याचा पहिला नियम असा होता की, नोकर ठेवावयाचा नाही. स्वयंपाकापासून मैला उचलण्यापर्यंत सर्व कामे रहिवाशांनीच करावयाची. गुजराती, तमिळ, तेलुगू आणि हिंदीभाषी, त्याचप्रमाणे हिंदू, मुसलमान, पारशी आणि ख्रिस्ती, अशी ती वस्ती होती. गांधीजींच्या गणतीप्रमाणे सुमारे चाळीस तरुण, दोन-तीन वृद्ध, पाच स्त्रिया आणि वीस-तीस मुले तेथे होती. घरे पन्हाळी पत्र्याची असून ती उभी करावयास सुमारे दोन महिने लागले. तोपर्यंत लोक तंबूंत राहिले. गहू लोखंडी हातजात्यावर दळून त्याची पावरोटी घरीच भाजली जाई. भाजलेल्या गव्हाची भुकटी कॉफीऐवजी वापरीत आणि बागेतील संत्र्यांचा मुरंबा करीत. पाइनटाउननजीकच्या ट्रॅपिस्ट मठात जाऊन कॅलनबॅक चपला करावयास शिकून आले, आणि ती कला त्यांनी इतरांना दिली. मैला खड्ड्यांत पुरून त्याचे खत होई. शाळा दुपारी भरे. सकाळच्या मेहनतीने शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही पेंगत, आणि झोप घालविण्यासाठी डोळ्यांना पाणी लावावे लागे. मुलांना त्यांच्या मातृभाषांतून शिकविण्याचा प्रयत्न होता, आणि तमिळ व उर्दू हे विषय गांधीजी स्वतःच्या जेमतेम पुंजीवर शिकवीत.

प्रवासाचा नियमही याच वृत्तीचा द्योतक आहे. संस्थेच्या कामासाठी जोहान्सबर्गला जाणाऱ्याने आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाने जावे; हौसेखातर जाणाऱ्याने शिदोरी घेऊन पायी जावे. उत्तररात्री दोन वाजता निघून लोक सहा-सात तासांत शहर गाठीत. परावलंबनाची एकेक गाठ सोडवीत जाण्याची ही रीत होती. कॅलनबॅक यांच्या उदाहरणाने तिचे प्रमाण कळते. गांधीजींच्या सहवासापूर्वी त्यांचा एकट्याचा वैयक्तिक खर्च, घरभाडे सोडून, दरमहा १,२०० रुपये होता. तो पुढे १२० वर आला.

या जीवनाला ‘स्वातंत्र्य’ म्हणावयाचे ते कोणत्या अर्थाने, याचे सर्वांत बोलके उत्तर रहिवाशांच्या पोशाखात सापडते. त्यांची पाटलोण आणि सदरा कैद्यांच्या गणवेशाच्या धर्तीवर शिवलेला असे. भांडी लाकडी, अंथरूण म्हणजे दोन कांबळी आणि एक लाकडी उशी. जो तुरुंगासारखे जिणे स्वखुशीने पत्करतो त्याला तुरुंगाची धमकी देता येत नाही, ही यामागची सरळ युक्ती होती. सरकारच्या हाती शिक्षेचे जे साधन होते तेच शेतावर नित्याचे करून त्याची धार बोथट करण्यात आली. ‘स्वतंत्र’ या शब्दातील ‘तंत्र’ म्हणजे येथे स्वतःच स्वतःला घालून घेतलेली शिस्त. आपल्या गरजांवर ताबा असलेला माणूस मोकळा, अशी ही स्वातंत्र्याची व्याख्या होय.

४

अशी व्याख्या जगणाऱ्यांच्या घरी पाहुणा आला म्हणजे अडचण उत्पन्न होते. त्याने ती शिस्त घेतलेली नसते. त्याला ती लागू करावी तर आतिथ्य उरत नाही, आणि लागू न करावी तर घरचा नियम मोडतो.

फार्मवर ही अडचण काही वेळा सहज सुटली. लुटावन नावाचे सत्तरी ओलांडलेले एक उत्तर हिंदुस्थानी गृहस्थ दम्याने आणि खोकल्याने जर्जर झाले होते. गांधीजींनी त्यांना शेतावर येऊन आपल्या अटींप्रमाणे उपचार घेण्यास सुचविले, आणि तंबाखू सोडण्याची अट त्यांनी मान्य केली. तरीही गुण येईना. एका रात्री अंधारात आगकाडी पेटली. गांधीजींनी विजेरीचा झोत टाकला तेव्हा वृद्ध विडी ओढताना दिसले. त्यांनी रडून क्षमा मागितली, व्यसन सोडले, आणि महिन्याभरात बरे झाले. रमजानच्या महिन्यात मुसलमान रहिवाशांच्या उपवासात इतरांनी एकभुक्त राहून साथ दिली, हेही याच प्रकारचे उदाहरण. दोन्ही ठिकाणी शिस्त संमतीने स्वीकारलेली आहे. लुटावन रोगी म्हणून आले होते, त्यांना काही हवे होते, आणि त्यासाठी घरधन्याचा नियम पाळणे त्यांना गैर वाटले नाही.

गोखल्यांचे तसे नव्हते. २२ ऑक्टोबर १९१२ रोजी ते केपटाउनला उतरले, तेव्हा युनियन सरकारने त्यांच्या प्रवासासाठी आगगाडीचा खास सरकारी डबा दिला होता. जोहान्सबर्गला त्यांना तेथल्याच खाणींतील सोन्याच्या पत्र्यावर कोरलेले मानपत्र अर्पण झाले. तेथल्या भोजनसमारंभास सुमारे चारशे माणसे होती, त्यांत दीडशेवर युरोपीय. पंगत संपूर्ण शाकाहारी होती आणि स्वयंपाक स्वयंसेवकांनी केला होता. त्याच शहरात दुसराही एक आग्रह त्यांना मानावा लागला. तेथील कोकणी मुसलमानांची आणि थोड्या महाराष्ट्रीय हिंदूंची इच्छा होती की, गोखल्यांनी हिंदी लोकांच्या सभेत मराठीत बोलावे. गांधीजींनी ती विनंती पुढे केली आणि भाषांतर आपण करू असे सांगितले. ज्याला मराठी धड येत नाही तो भाषांतर कसे करणार, याचे गोखल्यांना हसू आले. अखेर, आपण यजमानाच्या ताब्यात आहोत, सुटका नाही, अशा भावाने त्यांनी मान्यता दिली. तेथून झांजिबारपर्यंत केवळ हिंदी श्रोत्यांच्या सभांत ते मराठीत बोलले आणि गांधीजींनी त्याचे हिंदुस्थानी भाषांतर केले.

हा प्रसंग पुढच्या प्रसंगाची पूर्वतयारी म्हणून पाहण्यासारखा आहे. येथेही यजमान आपला हेका चालवितो आणि पाहुणा हसत मान तुकवितो. परंतु येथे पाहुण्याला त्याचीच भाषा परत मिळते. इंग्रजी वक्तृत्वाबद्दल ज्याची ख्याती होती, त्याला परदेशात मातृभाषेत बोलण्याची मोकळीक एका गुजराती यजमानाच्या आग्रहामुळे लाभली.

५

शेतावरची गोष्ट निराळी झाली. गांधीजींनी आधी विचारले होते, आणि गोखल्यांनी फारसा विचार न करता, विश्वासाने, सर्व गोष्टींना होकार दिला होता. स्टेशनपासून शेत मैल-दीड मैल. त्या दिवशी पाऊस आला. वाहनाची व्यवस्था नव्हती. प्रकृतीने नाजूक असलेल्या गोखल्यांना पायी यावे लागले आणि त्यांना सर्दी झाली. त्यांना कॅलनबॅक यांच्या खोलीत उतरविले. स्वयंपाकघर दूर. गांधीजींनी त्यांच्यासाठी मुद्दाम सूप केले आणि कोतवाल या सहकाऱ्याने खास पावरोटी केली, पण खोलीपर्यंत पोहोचेतो अन्न निवून गेले. गोखले एक अक्षर बोलले नाहीत. आपण काय करून बसलो हे त्यांच्या मुद्रेवरून यजमानाला कळले.

शेतावर खाट नव्हती. ती गोखल्यांपुरती बाहेरून आणविली होती. बाकी सर्वजण जमिनीवर झोपतात हे समजताच त्यांनी ती काढून टाकविली आणि आपलेही अंथरूण जमिनीवर घातले. गांधीजी आणि कॅलनबॅक यांनी पाय चेपू देण्याची विनंती केली. सेवा घ्यावयाची तर ती नोकराकडूनच, असा गोखल्यांचा नियम होता, आणि या दौऱ्यात त्यांच्याबरोबर नोकर नव्हता. त्यांनी अंगाला हात लावू दिला नाही. अर्धवट थट्टेने आणि अर्धवट रागाने त्यांनी जे बोलून दाखविले त्याचा आशय असा : कष्ट सोसावयास जन्म तुमचा आणि तुमच्याकडून लाड करून घ्यावयास जन्म आमचा, असे तुम्ही समजता काय? स्वतः शौचाला बाहेर जाता आणि माझ्यासाठी मात्र खोलीत भांडे ठेवता? कितीही त्रास झाला तरी तो सोसून मी तुमचा गर्व उतरवीन. हे शब्द वज्रासारखे लागले, असे गांधीजी म्हणतात, आणि त्याबरोबरच बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू होते हेही नोंदवितात.

या बोलण्याचा अर्थ पाहुण्याचा रुसवा एवढाच घेतला तर त्यातील विचार हातचा निसटतो. गोखल्यांचा आक्षेप गैरसोयीवर नव्हता. जमिनीवर अंथरूण घालून त्यांनी गैरसोय वाढवूनच घेतली. त्यांचा आक्षेप सोयीवर होता. फार्मवाल्यांनी आपल्यापुरती एक नीती आणि पाहुण्यापुरती दुसरी, अशी विभागणी केली होती. वरवर पाहता हा पाहुण्याचा सन्मान. परंतु त्या विभागणीत स्वातंत्र्य यजमानाकडे राहते आणि परावलंबन पाहुण्याच्या वाट्याला येते. खाट, सूप आणि भांडे या वस्तू त्याला वेगळे पाडतात. तो त्या समाजाचा घटक न होता त्यांच्या त्यागाचे निमित्त होतो. खाट दूर करून गोखल्यांनी ही विभागणी मोडली.

संस्कृत व्याकरणातील एक भेद येथे उपयोगी पडतो. ‘यज्’ हा धातू उभयपदी आहे. क्रियेचे फळ कर्त्याला मिळत असेल तेव्हा आत्मनेपद योजावे, असे पाणिनीचे विधान आहे. पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो, म्हणून तो ‘यजति’; ज्याच्यासाठी यज्ञ होतो तो ‘यजते’. ‘यजमान’ हे रूप या आत्मनेपदाचे धातुसाधित आहे. मराठीत हाच शब्द पाहुणचार करणाऱ्याला लागला, आणि पाहुणचाराचे फळही काही अंशी करणाऱ्याकडेच जाते ही जाणीव, कोणाच्या लक्षात येवो वा न येवो, शब्दाच्या घडणीत राहून गेली. गोखल्यांनी ‘गर्व’ हा शब्द योजला तो नेमका याच ठिकाणी. सेवा करण्याचा हट्ट हाही स्वतःकडे फळ ओढणारा असू शकतो.

मात्र गोखल्यांची बाजूही सर्वस्वी निर्दोष ठरत नाही, आणि गांधीजींनी ते सौम्यपणे सुचविले आहे. सेवा फक्त नोकराकडून घ्यावी हा नियम त्यांना बरा वाटला नाही. नोकराची सेवा मोल देऊन घेतलेली असते, तिचे ऋण मनावर राहत नाही. स्नेह्याची सेवा ऋणी करते. आपले स्वातंत्र्य अबाधित राखण्यासाठी गोखले ऋण नाकारीत होते. परंतु ज्या स्वातंत्र्याला सांभाळावयास पगारी नोकर लागतो, त्याच्या विरुद्ध तर फार्मचा पहिलाच नियम होता. एका बाजूला नोकरावाचून जगण्याचे स्वातंत्र्य, दुसऱ्या बाजूला मित्राच्या उपकारावाचून जगण्याचे स्वातंत्र्य. दोघेही स्वाभिमानी, आणि दोघांनाही दुसऱ्याचा नियम अपुरा वाटला. त्या रात्री दोघांना मान्य अशी एकच जागा उरली होती, ती म्हणजे जमीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोखले कामाला लागले. पुस्तकरूपाने प्रसिद्ध व्हावयाची आपली भाषणे त्यांनी तपासली. एक लहानसे पत्र लिहावयाचे होते, त्यासाठी ते बराच वेळ येरझारा घालीत राहिले. गांधीजींनी थट्टा केली, तेव्हा त्यांनी सांगितले की, आपण लहानसेही काम घाईने करीत नाही. आधी मुख्य विचार ठरवितो, मग त्याला साजेशी भाषा योजितो आणि नंतर लिहितो. सर्वांनी असे केले तर कच्च्या विचारांच्या लोंढ्यातून देश वाचेल. ज्या घरात श्रमाची शिस्त होती, तेथे पाहुण्याने विचाराची शिस्त ठेवून दिली. आतिथ्यात देवघेव झाली असेल तर ती येथे.

६

१४ नोव्हेंबर १९१२ रोजी गोखले प्रिटोरियात जनरल बोथा आणि स्मट्स यांना भेटले. काळा कायदा आणि तीन पौंडांचा कर दोन्ही जातील, असा भरवसा घेऊन ते परतले. गांधीजींना तेवढी खात्री वाटत नव्हती, आणि पुढील वर्षी त्या करासाठीच मोठा लढा उभा राहिला. गोखल्यांना पोहोचवून आल्यानंतर, जानेवारी १९१३ मध्ये, गांधीजी फिनिक्सला राहावयास गेले आणि टॉल्स्टॉय फार्म संपुष्टात आले. शेत गेले, त्यावर घडलेली माणसे १९१३ च्या लढ्यात दिसली.

आतिथ्याचा प्रश्न मात्र पुण्यात पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी भूमिका उलट झाल्या होत्या. १९१५ च्या आरंभी गांधीजी भारत सेवक समाजात गोखल्यांचे पाहुणे होते. त्यांच्या मानार्थ आवारात, त्यांच्या खोलीपासून काही पावलांवर, एक लहानसा उपाहारसमारंभ योजिला होता. पदार्थ कोणते? भुईमुगाचे दाणे, खजूर आणि फळे. पाहुण्याचा आहारनियम यजमानाने निमूटपणे सर्वांच्या ताटात वाढला. पाहुण्याला वेगळे पान मांडले नाही. गोखल्यांना तेवढे अंतर चालण्याचेही त्राण नव्हते, तरी ते हट्टाने आले. त्यांना घेरी आली आणि उचलून न्यावे लागले. शुद्धीवर येताच त्यांनी निरोप पाठविला की, समारंभ थांबवू नये. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी ते वारले. ही वार्ता गांधीजींना शांतिनिकेतनात कळली आणि त्यांनी एक वर्ष अनवाणी राहण्याचे व्रत घेतले.

लॉलीजवळच्या त्या पावसाळी रात्री यजमान आपला नियम स्वतःपुरता ठेवून पाहुण्याला सवलत देऊ पाहत होता, आणि पाहुण्याने ती नाकारली. पुण्यातील यजमानाने सवलत दिली नाही; तो पाहुण्याच्या नियमात स्वतः सामील झाला. शेतावरील स्वातंत्र्य दुसऱ्याला वाटून देता येते काय, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर या दोन प्रसंगांच्या तुलनेत मिळते. ते वाढून देता येत नाही. एका पंगतीला बसून घेता मात्र येते. मे १९१५ मध्ये अहमदाबादेजवळ कोचरब येथे गांधीजींचा आश्रम सुरू झाला, तेव्हा त्याच्या खर्चाचा भार उचलण्याचे आश्वासन देणारा यजमान हयात नव्हता. भारतातील आश्रमांची उपपत्ती टॉल्स्टॉय फार्मच्या श्रमनियमांत शोधताना, त्या शेतावरून बाहेर काढलेल्या एका खाटेची नोंदही अभ्यासकांनी त्याच शेजारी ठेवावयास हवी.